पहिली नोंदणी

"काय मंग ताई, झालं का काळीज तयार?"

जळगावच्या बसस्टँडवर, धुळ्याच्या गाडीसाठी ताटकळलेल्या सगळ्या गर्दीदेखत पितांबरनं हे विचारलं, आणि विचारलं ते असं, की जणू शिंप्याकडे टाकलेल्या ब्लाउजची चौकशी चालली आहे. बाकावरच्या दोन बायकांनी माना वळवून सारिकाला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. पितांबर पहूरचा. केळीची रोपं विकणाऱ्या एका नर्सरीचा माणूस. यावलकडच्या गावांतून फिरून टिशू कल्चरच्या रोपांच्या नोंदण्या घ्यायच्या आणि हंगामाला टेम्पो भरून रोपं पोचवायची, हा त्याचा धंदा. त्यामुळे सारिकाच्या गावाकडच्या घराच्या ओट्यावर त्याचा चहा ठरलेला. "आबा सांगत होते, पहिला नंबर माहाच हाये म्हने. तुमच्या नर्सरीचा भरोसा नाही, पन पोरीच्या नर्सरीचा हाये." तो मनापासून हसला. त्या हसण्यात कुचेष्टा असती तर बरं झालं असतं, निदान रागावता आलं असतं. सारिका म्हणाली, "नाही झालं अजून." त्यावर पितांबरनं जाणत्या माणसासारखी मान हलवली. "हां, हार्डनिंग बाकी असीन, बाहीरच्या हवेची सवय," असं म्हणून तो जामनेरच्या गाडीमागे पळाला.

गाडी लागली, जागा मिळाली, खिडकीही मिळाली. पण सारिकाला एरंडोल येईपर्यंत बाहेरचं काही दिसलं नाही. मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये आबांच्या, तिच्या वडिलांच्या, तपासण्यांची पाकिटं. ती घेऊन ती सकाळी जळगावच्या एका मोठ्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेली होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी जे सांगितलं होतं त्याला कुठेतरी फट असेल, या आशेनं. फट नव्हती. डॉक्टर भले होते, घाई करत नव्हते, आणि म्हणूनच प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. आता ऑपरेशन झेपणार नाही. हृदयाचा एवढा भाग निबर झालाय, तो हलतच नाही. सुरुवातीला आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता औषधं, पथ्य, आणि जितकं चालेल तितकं. "घरच्यांना सांगून ठेवा," ते म्हणाले. "त्यांनाही कल्पना द्या. काही माणसांना उरकायचं असतं." हृदय म्हणजे काय, ते निबर कसं होतं, हे सारिकाला कुणी समजवायची गरज नव्हती. प्रयोगशाळेत तिचं रोजचं काम तेच होतं. तरी नातेवाइकानं ऐकावं तसं तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि निघताना डॉक्टरांचे आभारही मानले. आज घरी गेल्यावर आबांना सांगायचं होतं. दोन गोष्टी सांगायच्या होत्या आणि दुसरी पहिलीपेक्षा अवघड होती: ऑपरेशन आता होणार नाही, आणि आबा, माझ्या डिशमधलं ते काळीज तुमच्यासाठी कधीच नव्हतं.

तसंच. हा एक शब्द ती बोलली नसती तर. आबांना पहिला झटका येऊन गेल्यानंतरचा उन्हाळा. गच्चीवर खाटा टाकल्या होत्या, मागच्या बागेतून ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा वास येत होता, आणि आबांनी, म्हणजे रुपचंद पाटलांनी, ज्यांनी आयुष्यात लेकीला 'काय शिकतेस' असं कधी विचारलं नव्हतं, त्यांनी एकदम विचारलं होतं, "तू तिथी धुळ्याले करते काय नेमकं?" ती उठूनच बसली. तिनं सांगितलं, की माणसाच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यांना उलटं चालवत नेता येतं, पार पोटातल्या गर्भाच्या पहिल्या दिवसांसारखं, जेव्हा पेशीचं काहीच ठरलेलं नसतं. त्या मूळपेशी. मग त्यांना योग्य अन्न, योग्य ऊब, योग्य बिछाना दिला की त्या काळजाच्या पेशी होतात, आणि डिशमध्ये आपापल्या धडधडायला लागतात. आबा म्हणाले, "म्हंजे टिशू कल्चरच ना. आपल्या केयीसारखं." तिला किती आनंद झाला होता! घरातल्या कुणाला आपलं काम पहिल्यांदा कळलं, आणि तेही आबांना, आणि तेही एका वाक्यात. ती म्हणाली, "हो आबा. तसंच." गच्चीवरच्या काळोखात ती हसलीसुद्धा होती. त्या हसण्याची आठवण आता बसच्या तापलेल्या पत्र्यासारखी होती, जरा टेकावं तर चटका.

कारण 'तसंच' म्हणजे काय, हे तिच्यापेक्षा आबांना जास्त पक्कं माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत बाटलीतली केळी आली होती. आधी ते शेजाऱ्याच्या केळीच्या बुंध्याशी फुटलेले कोंब, मुनवे, आणून लावायचे. मग कुणीतरी सांगितलं की आता रोपं प्रयोगशाळेत होतात. सगळं गाव हसलं होतं. काचेच्या बाटलीत का केळ होते! आणि दोनेक वर्षांत पिशवीतली हिरवीगार रोपं टेम्पोनं दारात आली, आणि असे घड पडले की हसणारेच नोंदणीला पुढे धावले. तेव्हापासून आबांचा प्रयोगशाळेवर देवापेक्षा काकणभर जास्तच विश्वास होता. जे बाटलीत होतं ते वावरात येतं. आज नाही तर पुढच्या मृगबागेला, पावसाळ्याच्या लागवडीला. आणि नर्सरीवाला 'अजून वेळ आहे' म्हणाला तर तो नेहमी तसंच म्हणतो. आपण नोंदणी करून ठेवायची आणि निश्चिंत राहायचं. सारिकानं नंतर सांगितलं नाही असं नाही. कितीदा सांगितलं. आबा, हे माणसात घालायला अजून किती वर्षं लागतील कुणाला ठाऊक. आबा, ह्या जगातल्या मोठ्या मोठ्या लोकांनाही अजून नीट जमलेलं नाही. आबा, तुम्ही ऑपरेशन करून घ्या, पाया पडते. आबा डोळे बारीक करून हसायचे. "पितांबरबी दरसाल असाच म्हनते. बोंब मारली का गाडी येते." भावानं, प्रेमराजनं, आदळआपट केली. आई दोन दिवस जेवली नाही. आबा म्हणायचे, "चिरफाड कायले? पोरगी नवं करू राह्यली ना." लेकीच्या हातचं काही मिळणार म्हणून कोण बाप वाट पाहत नाही! तिला त्यांच्यावर रागावता येत नव्हतं, ते अशा हौसेनं वाट पाहत होते.

पारोळ्याला गाडी थांबली. एक म्हातारा पेरू विकायला वर चढला, उतरला. सारिकाच्या डोक्यात डिश चालूच होती. लोकांना वाटतं मूळपेशीला काळजाची पेशी करायची म्हणजे काहीतरी घालायचं असतं. खरं शहाणपण न घालण्यात असतं. सुरुवातीच्या दिवसांत अन्नातून इन्शुलिन काढून ठेवायचं. ते दिलं तर पेशी छान वाढतात, गुबगुबीत होतात, आणि काळजाकडे वळतच नाहीत. पुढे एकदा साखरही काढून घ्यायची. साखर काढली की बाकीच्या पेशी मरून जातात, आणि काळजाच्या तेवढ्या दुसऱ्याच कशावर तरी तग धरतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला आईची आठवण आली होती. आई साऱ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची आणि सगळ्यांत काटक होती. कधी द्यायचं नाही हे कळलं पाहिजे. मागच्या थंडीत आबा पुन्हा दवाखान्यात पडले तेव्हा थकून, झोपेत असल्यासारखं, तिनं पेशींच्या एका घाण्याला नको त्या दिवसांत पूर्ण अन्न देऊन टाकलं होतं. पेशी उपाशी राहू नयेत असं काहीतरी मनात आलं असणार. डिश भरून गेली आणि एकही पेशी धडधडली नाही. नुसत्या लांबट, मठ्ठ पेशी, तळाला चिकटून बसलेल्या. दिपमाला मॅडम, तिच्या गाइड, तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दया दाखवायची जागा नाही ही." सारिकाला आता बसच्या धक्क्यांत वाटत होतं, की आबांनाही तिनं नको त्या दिवसांतच देऊन टाकलं. थोडी आशा तेव्हा काढून घेतली असती, तर भीतीपोटी का होईना, ते ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाले असते. हे काही शास्त्र नव्हतं. पण एकदा मनात आल्यावर ते निघेना.

आणि बिछाना. नुसत्या प्लॅस्टिकवर ठेवल्या तर त्या पेशी धडधडतात खऱ्या, पण दमतात. कडक जागेवर ओढ काढून काढून त्यांच्यातली शिस्तच मोडते. म्हणून तिनं वर्षभर खपून जेलचा एक मऊ थर केला होता, जिवंत काळजाइतकाच मऊ, आणि गेल्या महिन्यात त्या थरावरच्या पेशी पहिल्यांदा सगळ्या मिळून, एका ठेक्यात चालल्या. मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले. सारिकानं आपला पेढा घरी नेला. आबांना गोड बंद होतं, तरी त्यांनी कणभर जिभेवर ठेवून विचारलं होतं, "माल निघाला मंग?" तेव्हापासून त्यांनी धोशाच लावला होता, एकदा दाखव. आणि सारिका आज उद्या करत होती, कारण पेशींच्या त्या चालण्यातच तिला रोज दिसत होतं, की आबांच्या निबर झालेल्या जागेवर हे टिकणार नाही. मऊ जागा हवी, आणि आबांकडे ती उरली नव्हती.

धुळ्याला उतरून ती देवपुरातल्या आपल्या खोलीवर आली तेव्हा ऊन कललं होतं. दवाखान्यासाठी आईसोबत तिच्याकडेच राहायला आलेले आबा तयार होऊन बसले होते. पांढरं धोतर, टोपी, दाढी केलेली. त्यांचं बसणंही आता वेगळं होतं. पाठीशी दोन उशा, पाय खाली सोडलेले, आणि पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा लागत नव्हता. आईनं दारातच डोळ्यांनी विचारलं. सारिकानं डोळ्यांनीच सांगितलं. आई वळून मोरीपाशी गेली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासू लागली. आबा म्हणाले, "मी आज पाहनार. रिक्षा सांगून ठेवली."

"आबा, आधी मला तुमच्याशी बोलायचंय."

"तिथी बोल. चाल."

तिच्या मनात आलं, तिथंच सांगू. डिश समोर ठेवून सांगू. ते किती एवढंसं आहे हे दिसलं की त्यांनाच कळेल, आपल्याला शब्द कमी लागतील. माणूस अवघड बोलणं पुढे ढकलायला कसली कसली कारणं शोधतो, आणि त्यांना वर शहाणपणाचं नाव देतो!

कॉलेजची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर. आबा जिन्यात प्रत्येक पायरीला थांबले, कठडा धरून, आणि प्रत्येक थांबण्याला त्यांनी कारण दिलं: इथली फरशी चांगली आहे, ती खिडकी कुठं उघडते, खालचं झाड बदामाचं का. तिनं प्रत्येकाचं उत्तर दिलं. वर दिपमाला मॅडमनी खुर्ची पुढे केली, "या काका," म्हणाल्या, आणि सारिकाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून आपल्या खोलीत निघून गेल्या. आतल्या स्वच्छ खोलीत आबांना नेता येत नव्हतं. सारिका आत गेली, हात निर्जंतुक केले, हातमोजे घातले, इन्क्युबेटरचं दार उघडलं. ती दमट, अंगाइतकी ऊब तोंडावर आली. तिनं मऊ थरावरची ती डिश उचलली आणि बाहेरच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली आणून ठेवली. डिश हिंदकळू नये म्हणून तिनं कोपर टेबलाला टेकवलं.

आबांना आधी काहीच दिसेना. डोळा कुठे लावायचा, टोपी मागे, अजून मागे. त्यांच्या मानेला दाढीच्या साबणाचा वास येत होता. मग ते एकदम स्थिर झाले. श्वाससुद्धा त्यांनी धरून ठेवला असावा, कारण त्यांची ती एरवी सतत चालणारी घरघर थांबली. सारिका बाजूला उभी राहिली. ते काय पाहत आहेत हे तिला न पाहता ठाऊक होतं: करड्या उजेडात एक तुकडा, साबुदाण्याच्या दाण्याहून लहान, आणि तो सगळा एकदम आखडतो, सैल होतो, आखडतो. कोणी सांगत नाही, कोणी ढकलत नाही. तरी चाललेलं.

"हालू राह्यलं," आबा म्हणाले.

"हो."

"आपलं आपुन?"

"आपलं आपण."

"व माय!" ते म्हणाले, आणि पुन्हा डोळा लावून बसले. इतका वेळ, की सारिकाला वाटलं आता बोलावं. आता. तिनं मनात वाक्य जुळवलं. आबा, जळगावचे डॉक्टर म्हणाले. नको, आबा, हे फक्त बघण्यासाठी असतं, औषधं तपासायला, शिकायला. नको. ती "आबा," एवढंच म्हणाली.

"किती दिसाचं हाये?"

"महिना होत आला."

आबांनी डोळा काढला. भिंगाची गोल खूण पापणीभोवती उमटली होती. ते तिच्याकडे पाहत नव्हते, डिशकडे पाहत होते, उघड्या डोळ्यांनी, जिथं आता नुसतं गुलाबी पाणी दिसत होतं. मग ते वावराच्या बांधावरून बोलावं तसं, व्यवहाराच्या आवाजात म्हणाले, "लई कवयं हाये गं हे."

"हो आबा. कोवळंच आहे. म्हणूनच मी..."

"थांब. मले बोलू दे. दम लागते मंग." त्यांनी दोन श्वास घेतले. "त्या साली आपलं रान तयार नव्हतं, आठोते का तुले? हीर आटली होती. पितांबर गाडी घेऊन दारात उभा. मी काय केलं?"

तिला आठवलं. सगळ्या गावाला आठवत होतं. नर्सरीची रीतच होती ती: रोपं दारात आली आणि आपलं रान तयार नसलं, तर रोपं अडवून मारायची नाहीत, आपला नंबर मागच्याला द्यायचा. आबांनी अख्खी गाडी नोंदणीत मागे असलेल्या गिरधर नानांच्या वावरात उतरवायला लावली होती, आणि आपण त्या वर्षी रिकाम्या बागेतून फिरले होते. गिरधर नानांचे घड पाहायला मात्र रोज जायचे.

"तुम्ही नंबर दिला," सारिका म्हणाली.

"दिला ना? मंग." आबांनी छातीवर हात ठेवला, मध्ये नाही, डावीकडे, जिथं दुखायचं तिथं. "माहं रान आता कडक झालं, पोरी. तो इथला डॉक्टर सांगे, मी हसू. पन मले रातच्या बसल्या बसल्या कयते. अशा रानात इतलं कवयं रोप लावत नसतात. जयून वाळते. तू एवढ्या मेहनतीनं केलं, अन् माह्यासाठी जयू द्यायचं?" ते थांबले. "माही पहिली नोंदणी हाये ना तुह्याकडे? ती काट. दुसऱ्याले दे."

सारिकाला बोलायचं होतं की आबा, नोंदणी नाहीच. कोणतीच नोंदणी नाही. पहिली नाही, शेवटची नाही. द्यायला काही नाही आणि तुम्ही सोडताय ते काहीच नाही. सबंध दोन वर्षं जे त्यांच्या हातातून काढून घ्यायला ती धडपडत होती, ते त्यांनी आपण होऊन खाली ठेवलं होतं, आणि ठेवताना ते तिला आहेर करावा तसं ठेवलं होतं. आता ते खोटं होतं असं सांगणं म्हणजे त्यांचं देणंही हिसकावून घेणं. बाप मरणार होता आणि तिच्या डिशची काळजी करत होता. तिला ओरडून रडावंसं वाटलं, लहानपणी केळीच्या बागेत चुकली होती तसं, सगळ्या बाजूंनी सारखीच झाडं आणि बापाचा पत्ता नाही.

आबांनी पुन्हा डोळा लावला होता.

"सारू," ते घाईनं म्हणाले. "हे हयू हयू होऊ राह्यलं. पाह्य. आधी भराभर चाले."

तिनं पाहिलं नाही. तिला माहीत होतं. डिश बाहेर येऊन खूप वेळ झाला होता. ऊब गेली की ठेका मंदावतो. "थंडी लागते त्याला," ती म्हणाली.

"मंग ठेव ना आत! पाहत काय राह्यली! बाहीरची हवा लागू राह्यली त्याले." ते खरोखर रागावले होते, आणि उठायला धडपडत होते, जणू स्वतःच उचलून आत नेणार. "ठेव, ठेव. माह्यं झालं पाहून."

तिनं डिश दोन्ही हातांत घेतली आणि आत नेली. इन्क्युबेटरचं दार लावल्यावर आतली काच धुक्यानं पांढरी झाली. ती तिथं उभी राहून रडली, आवाज न करता, हातमोज्यांनी डोळे पुसता येत नाहीत म्हणून तसंच वाहू देत. थोड्या वेळानं आत ते पुन्हा पहिल्यासारखं चालू लागणार होतं. ते कुणासाठीच चालत नव्हतं. तोंड धुऊन ती बाहेर आली तेव्हा आबा टोपी नीट करून दाराशी उभे होते, कठड्याकडे बघत, जिना उतरायच्या तयारीत.

पहिल्या पायरीवर ते थांबले.

"मंग काटली का?"

"काटली, आबा."

"हां." दुसऱ्या पायरीवर त्यांनी श्वास गोळा केला. "दोन नंबरवर कोन हाये?"

सारिकानं त्यांचा दंड धरला. दंड हलका होता, आतून वाळलेल्या फाट्यासारखा. खाली बदामाच्या झाडाखाली रिक्षावाला पेपर वाचत थांबला होता.

"एक मुलगी आहे," ती म्हणाली.

"केवढी?"

"लहान आहे, आबा."

"मंग तिचं रान मऊ असीन," आबा समाधानानं म्हणाले आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला. तिथं ते पुन्हा थांबले, आणि या वेळी त्यांनी थांबण्याचं काही कारण दिलं नाही. तीही थांबली.